पाय भिजेल ती नदी

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती. जंगल म्हटलं की नदी असायचीच, यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगण्यासारखं हे, की ती नदी कोणाची आहे हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं आणि तरीही सगळे तिचं पाणी पीत होते. इतकं मागासलेलं जंगल होतं ते.

नदीला दोन्ही बाजूंनी उंच कडे होते. उतार काय तो एकच, वळणावरचा. तहान लागली की हरिणी त्या उतारावरून यायच्या, पाणी पिऊन जायच्या. माकडं यायची, पाणी कमी प्यायची आणि गोंधळ जास्त घालायची. मगर काही यायची नाही, कारण ती आधीपासून तिथे असायची.

आणि थंडी सरली की ढालूअक्का नावाची एक वयस्कर कासवी पाण्यातून वर यायची. वळणावरच्या कोरड्या वाळूत खड्डा करायची, अंडी घालायची, वाळू सारखी करायची आणि परत पाण्यात जायची. तिची आईही तिथेच अंडी घालायची. ढालूअक्का स्वतः त्याच वाळूतून बाहेर आली होती. यासाठी तिने कधी कोणाकडे अर्ज केला नव्हता.

त्याच जंगलात सुळोजीराव नावाचं एक रानडुक्कर होतं. आपण त्यांना अहो-जाहो करू, कारण त्यांचे सुळे मोठे होते.

एके वर्षी सुळोजीरावांनी नागरमोथ्याच्या कंदांसाठी वळणावरचा सगळा काठ उकरून काढला. पोट भरल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. जमीन नांगरल्यासारखी छान दिसत होती.

"अरेच्चा," ते म्हणाले, "हे तर माझं शेत आहे!"

त्यांनी बोरीच्या फांद्या ओढून आणल्या आणि उताराला कुंपण घातलं. कुंपणावर एक पाटी लावली. पाटीवर काय लिहिलंय ते कोणाला कळेना, कारण त्या जंगलात वाचता फक्त काटेशास्त्रींना यायचं. काटेशास्त्री म्हणजे साळिंदर. लेखण्या त्यांच्या अंगावरच उगवायच्या, त्यामुळे विद्वान होण्यावाचून त्यांना इलाज नव्हता.

शास्त्री आले. त्यांनी पाटी वाचून दाखवली. "खाजगी काठ. पाण्याकडे जाण्यास सक्त मनाई." मग मान तिरकी करून ते म्हणाले, "अक्षर किती सुरेख आहे!"

"कोणाचं आहे?" भिंगी नावाच्या हरिणीने विचारलं.

"माझंच," शास्त्री म्हणाले.

झालं. जंगलात एकच गलका झाला. सगळे प्राणी वाघमहाराजांकडे गेले. महाराज जेवून पडले होते.

"महाराज, नदीवर जायला आम्हाला अडवतात."

"मला तर कोणी अडवलं नाही," महाराज म्हणाले. ते नदीवर जायचे तेव्हा कुंपण, पाटी आणि सुळोजीराव तिघेही बाजूला होत.

"पण महाराज, नदी कोणाची?"

महाराजांनी जांभई दिली. महाराजांनी जांभई दिली की सगळ्यांना त्यांचे दात दिसत आणि मग कोणी उपप्रश्न विचारत नसे. "एक कायदा करा," ते म्हणाले. "सगळं स्पष्ट होऊ द्या. शास्त्रीबुवा, तुम्ही लिहा. सुळोजीराव, तुम्ही त्यांना मदत करा. जमिनीतलं तुम्हाला कळतं."

मुलांनो, त्या कायद्याला जेवढा पाठिंबा मिळाला तेवढा जगात कोणत्याच कायद्याला मिळाला नसेल. चिखलात पंजा उमटवून पाठिंबा द्यायचा होता. हरिणींनी खूर उमटवले, कारण नदी हरिणींची आहे हे एकदाचं स्पष्ट होणार होतं. माकडांनी हात उमटवले, कारण नदी माकडांची आहे हे स्पष्ट होणार होतं. सुळोजीरावांनी चारही खूर उमटवले. मगरबाईंनी तर आख्खं पोट उमटवलं. "पाण्यावर येणाऱ्यांची सोय झाली पाहिजे," त्या म्हणाल्या, "मी केव्हापासून सांगतेय."

ढालूअक्काने पाण्यातूनच मान वर काढली. "शास्त्रीबुवा, किती वेळ लागेल हो?"

"अक्का, हे काम घाईचं नाही. आधी मसुदा, मग त्यावर चर्चा, मग चर्चेवर चर्चा."

"माझ्या पोटात अंडी आहेत. ती काही मसुद्यासाठी थांबायची नाहीत."

"तुमची तळमळ कळते मला," शास्त्री म्हणाले आणि त्यांनी अंगावरची एक नवी लेखणी उपटली.

चर्चेत पहिलाच प्रश्न अडला. नदी म्हणजे नेमकं काय? कुठे सुरू होते, कुठे संपते? भिंगी म्हणाली, गवत लागतं तिथे संपते. माकडं म्हणाली, वरून उडी मारून पोचता येतं तिथपर्यंत सगळी नदीच. भांडता भांडता ऊन डोक्यावर आलं.

तेव्हा सुळोजीराव उठले. "मी अडाणी," ते म्हणाले. त्यांचे सुळे उन्हात चमकत होते. "मला एवढंच कळतं. जिथे पाय भिजतो, ती नदी. ती सगळ्यांची. जिथे पाय कोरडा राहतो, ती जमीन. ती ज्याची त्याची."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी वेळाने एक वाक्य सगळ्यांना समजलं होतं. उन्हाळ्यात नदी आटते आणि जेवढी आटते तेवढी जमीन वाढते, हा हिशेब त्या वेळी फक्त एकाच डोक्यात होता आणि ते डोकं विनयाने खाली झुकलेलं होतं.

मग बेडकांनी एक कलम मागितलं. "नदीत कोणी कोणाची अंडी खायची नाहीत. आमची फार अंडी जातात हो."

"बेशक!" सुळोजीराव गरजले. "नदीतली अंडी खाणाऱ्याला तर महाराजांच्या पुढ्यात उभं करा. लिहा शास्त्रीबुवा, मोठ्या अक्षरात." सुळोजीराव अंडी खायचे ती जमिनीतली. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घेणारं कलम मान्य करताना त्यांना नेहमीच आनंद होत असे.

महाराजांनी कायद्यावर पंजा उमटवला. जंगलात जल्लोष झाला. माकडांनी फांद्या हलवून हलवून निम्म्या मोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगी पाणी प्यायला गेली. कुंपण होतं तिथेच होतं.

"शास्त्रीबुवा, नदी सगळ्यांची झाली ना?"

"झाली की! पाण्यावर तुझा पूर्ण हक्क आहे. तो आता कोणीही काढून घेऊ शकत नाही."

"मग मी जाऊ?"

"कुठून?"

"इथून."

"इथून कसं? ही कोरडी जमीन. ही सुळोजीरावांची."

"मग पाण्यापर्यंत पोचू कशी?"

"तो प्रश्न वेगळा," शास्त्री म्हणाले. "या कायद्यात तो येत नाही."

भिंगी कुंपणाशी उभी राहून आपल्या हक्काकडे बघत राहिली. तिच्या हक्कावर ऊन पडलं होतं आणि तो छान चमकत होता.

हा पेच सोडवला अप्पासाहेब हत्तींनी. अप्पासाहेबांना कुंपण दिसतच नसे, ते पायाखालचं बघत नसत. ते पाण्यात डुंबले, सोंड भरून घेतली आणि बाहेर येताना सहज म्हणून फवारा सोडला. कुंपणापासून पाण्यापर्यंत वाळूचा एक पट्टा ओलाचिंब झाला. भिंगीने भीत भीत एक खूर पुढे टाकला.

शास्त्रींनी वाकून खूर तपासला. "भिजला," ते म्हणाले. "म्हणजे ही नदी! काढा कुंपण एवढ्यापुरतं."

सुळोजीरावांचा चेहरा पडला, पण वाक्य त्यांचंच होतं.

त्या दिवसापासून अप्पासाहेब सकाळ-संध्याकाळ उतारावर नदी शिंपडू लागले. प्राणी रांगेने येऊ लागले. येताना कोणी कोवळा बांबू आणी, कोणी फणस. आणलाच पाहिजे असं काही नव्हतं. पण जो आणत नसे त्याच्या वेळेला अप्पासाहेबांची सोंड दुखायची. लवकरच जंगलात नदीची ओळख कोणी विचारीनासं झालं, अप्पासाहेबांशी ओळख आहे का एवढंच विचारू लागले. एका सभेत त्यांना नदीमित्र म्हणून शाल दिली. ती फारच लहान पडली, म्हणून कानावर घातली.

सगळ्यांचं भागलं. राहिली ढालूअक्का.

"तुला कुठे पाणी मारून देऊ, बोल," अप्पासाहेब मोठ्या मनाने म्हणाले.

"मला कोरडी वाळू हवी, अप्पासाहेब. ओल्यात अंडी कुजतात."

रांगेतल्या सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"सगळ्यांना ओलं चालतं," एक माकड म्हणालं, "हिलाच बरी कोरडी पाहिजे!"

"अक्का, थोडं जुळवून घ्या ना," भिंगी हळूच म्हणाली. तिला अप्पासाहेबांचा मूड बिघडू द्यायचा नव्हता, रांगेत पुढचा नंबर तिचाच होता. "किती मुश्किलीने मिळालंय हे सगळ्यांना."

 ढालूअक्काने मान आत ओढून घेतली. कासवाला राग आला की तो बाहेर दिसत नाही. राग आत घेऊन बसायची सोय देवाने त्याला करून दिली आहे.

पण अंडी थांबेनात. एके दिवशी सूर्य उगवता उगवता ढालूअक्का पाण्यातून निघाली आणि सरळ कोरड्या वाळूवर चालू लागली. काटेशास्त्री काटे सळसळवत धावत आले.

"अक्का, थांबा! ही सुळोजीरावांची जमीन आहे!"

"माझा पाय बघा," ढालूअक्का न थांबता म्हणाली.

शास्त्रींनी पाय बघितला. नुकताच पाण्यातून आलेला, निथळत होता.

"भिजलाय," शास्त्री पुटपुटले. त्यांचा चेहरा गोंधळला. मग विद्वानाला एखादं कोडं सुटल्यावर होतो तसा तो उजळला. "म्हणजे तुम्ही उभ्या आहात ती नदी! पण अक्का, पाय वाळेपर्यंतच बरं का."

"मग बाजूला व्हा. मला घाई आहे."

कासवीला घाई असलेली, मुलांनो, तुम्ही कधी पाहिली नसेल. शास्त्रींनीही पाहिली नव्हती. ती नेहमीच्या जागी पोचली आणि मागच्या पायांनी खणू लागली. ऊन चढत होतं. शास्त्री दर थोड्या वेळाने वाकून तिचे पाय चाचपत होते. वाळू तापली. पाय सुकत आले. शास्त्रींनी खाकरून घसा साफ केला.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगतो, ती घरी मोठ्यांसमोर बोलू नका. कडक जमीन खणताना कासवी आपल्या पोटातलं पाणी त्या जागी सोडते, म्हणजे जमीन मऊ होते. ढालूअक्कानेही तेच केलं.

शास्त्री टुणकन बाजूला झाले. "ओलं आहे," ते नाक मुरडून म्हणाले. "कायद्याने अगदी ओलं आहे."

अंडी घातली गेली. ढालूअक्काने वाळू लोटली, पोटाने थापटली आणि ती पाण्यात परतली. तिचे पाय तोवर पुरते कोरडे झाले होते, पण शास्त्री दुसरीकडे बघत होते. वाईट नव्हते हो ते, फक्त सुशिक्षित होते.

ही बातमी सुळोजीरावांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते चिखलात लोळत होते, तसेच उठून आले. "माझ्या जमिनीत अंडी? म्हणजे माझीच अंडी!" त्यांनी नाकाने वास घेतला आणि नाकच खुपसणार, तेवढ्यात शास्त्री म्हणाले, "रावसाहेब, तुमचे पाय!"

पाय चिखलाने ओले होते.

"तुम्ही उभे आहात ती नदी," शास्त्री म्हणाले. "आणि नदीतली अंडी खाणाऱ्याला महाराजांच्या पुढ्यात उभं करायचं, हे मोठ्या अक्षरात आहे. तुम्हीच सांगितलं होतं."

सुळोजीराव मागे सरले. दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून उन्हात बसले. अंग खडखडीत वाळवलं. शास्त्रींनी एकेक पाय तपासला. पहिला कोरडा, दुसरा कोरडा, तिसरा कोरडा. आता पोटभर ताजी अंडी मिळणार, या नुसत्या विचाराने सुळोजीरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. ते सुळ्यावरून ओघळलं आणि टपकन चौथ्या पायावर पडलं.

"भिजला," शास्त्री म्हणाले.

उन्हाळाभर हेच चाललं. सुळोजीराव वाळून यायचे, अंड्यांच्या जवळ यायचे आणि लाळ गळायची. तोंड बांधून पाहिलं, तर ती नाकातून गळाली. दुसरंतिसरं काही मनात आणून पाहिलं, पण त्यांच्या मनात दुसरंतिसरं काही नव्हतंच. ढालूअक्का पाण्यातून नुसती मान वर काढून बघत राहायची. रोज तिचा जीव टांगणीला लागायचा आणि रोज एका थेंबावर सुटायचा.

तुम्ही म्हणाल, एवढा दांडगा प्राणी, त्याने सरळ कायदा मोडून अंडी का खाल्ली नाहीत? छे छे. कायदा मोडायची वेळ लहानांवर येते. मोठे तो बदलून घेतात.

सुळोजीराव महाराजांकडे गेले. "महाराज, कायद्यात थोडी संदिग्धता राहिली आहे. लाळ म्हणजे नदी नव्हे, एवढं फक्त स्पष्ट करून घ्यावं."

आणि काय सांगू, मुलांनो, पुन्हा सगळ्यांनी पाठिंबा दिला! लाळेला नदी कोण म्हणेल? माकडं म्हणाली, आम्ही काय लाळ पितो? भिंगीनेही चिखलात खूर उमटवला. मागणी रास्तच होती.

दुरुस्तीची सभा वळणावरच ठेवली. सुळोजीरावांनी मोठेपणाने त्या दिवसापुरतं कुंपण काढलं. उन्हं कलताना सगळं जंगल त्या वाळूवर जमलं. महाराज खडकावर बसले. मगरबाईंना पाण्यातून बोलावून पुढे मानाची जागा दिली होती. बगळे टाळ्या वाजवायला रांगेत उभे राहिले. सुळोजीराव खडखडीत वाळून, कपाळाला टिळा लावून आले होते. दुरुस्ती मंजूर झाली की लगेच जेवायला बसायचा त्यांचा बेत होता.

काटेशास्त्रींनी दुरुस्ती वाचली. "यापुढे लाळ, घाम, अश्रू व तत्सम यांना नदी समजू नये."

"कोणाला काही शंका?" महाराजांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पंजा उचलला.

पाण्याच्या कडेला ढालूअक्काची नजर वाळूवर खिळली होती. सुळोजीरावांच्या मागे, हातभर अंतरावर, वाळू हलली. मग एक दाणा घरंगळला. मग एक इवलंसं नाक बाहेर आलं.

"महाराज!" ढालूअक्का ओरडली. आयुष्यात ती पहिल्यांदाच ओरडली होती. "मी मंद आहे. मला नीट कळलं नाही. शास्त्रीबुवांनी मूळ कायदा धरून सगळं पहिल्यापासून वाचावं. सावकाश."

काटेशास्त्रींचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ते लिहीत होते, पण परत वाचा असं त्यांना कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्या कलमापासून सुरुवात केली. सगळ्यांनी माना वर करून शास्त्रींकडे बघायला सुरुवात केली. कायदा वाचला जात असताना खाली बघणं बरं दिसत नाही.

खाली पिल्लं निघाली होती. एकामागून एक, नखाएवढाली, वाळू झटकत. कोरड्या पायांनी ती सुळोजीरावांच्या जमिनीवरून सरळ पाण्याच्या दिशेने चालू लागली. कोणाची जमीन, कोणाची नदी, त्यांना काही माहीत नव्हतं. ती त्या बाबतीत जुन्या वळणाची होती.

शास्त्रींचं वाचन संपत आलं. पिल्लं अजून अर्ध्या वाटेवर होती.

भिंगीला खुराशी काहीतरी हललेलं जाणवलं. तिने खाली पाहिलं. मग ढालूअक्काकडे पाहिलं. ढालूअक्का तिच्याकडेच बघत होती. भिंगीने हळूच पाय उचलला, पिल्लू खालून जाऊ दिलं आणि तसंच तीन पायांवर उभं राहून ती मोठ्याने म्हणाली, "महाराज, मला एक विचारायचंय. दवाचं काय? दवाने पाय भिजला तर ती नदी की जमीन?"

"वा!" शास्त्री उद्गारले. "हा फारच मूलभूत प्रश्न आहे!"

मग काय विचारता! माकडं म्हणाली, दव झाडाचं. बेडूक म्हणाले, गवताचं. मगरबाई म्हणाल्या, अश्रूंना नदीतून वगळू नये, त्यांच्या घराण्याचा तो प्रश्न आहे. अप्पासाहेब म्हणाले, दवही नदी ठरलं तर शिंपडणाऱ्यांच्या सेवेचं काय? महाराज कंटाळून झोपी गेले. आणि या सगळ्यांच्या पायांमधून, शेपटांखालून, मगरबाईंच्या जबड्यासमोरून पिल्लं चालत राहिली. एक तर सुळोजीरावांच्या खुरावर चढून पलीकडे उतरलं. सुळोजीराव डोळे मिटून अंड्यांचा विचार करत होते. त्यांना वाटलं, थेंब पडला.

शेवटचं पिल्लू पाण्यात गेलं. पाण्यावर बारीकसा तरंग उठला आणि विरला.

"झालं," ढालूअक्का म्हणाली. "आता अगदी स्पष्ट झालं. माझा दुरुस्तीला पाठिंबा आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी दचकून जागं होत पंजा उमटवला. सुळोजीरावांनी कोरड्या पायांनी, लाळ गाळत, संपूर्ण कायदेशीरपणे वाळू उकरली. आत टरफलं होती. एकूण एक त्यांच्या हक्काची.

ते जंगल अजून आहे. नदीचा कायदाही आहे. तो इतका स्पष्ट झालाय की तो समजावून सांगायला शास्त्रींनी दोन मदतनीस ठेवले आहेत. अप्पासाहेब आता आदल्या दिवशी कळवल्याशिवाय शिंपडत नाहीत. भिंगी अधूनमधून रांग सोडून पाण्याच्या कडेला येते आणि ढालूअक्काशी काहीबाही बोलत उभी राहते. थंडी सरली की ढालूअक्का शास्त्रींना निरोप पाठवते, बुवा, कायद्यातलं एक कलम पुन्हा कळेनासं झालंय, एखादी सभा घ्या ना.

तात्पर्य : नदी सगळ्यांची असते. आपला हक्क बजावायचा असेल, तर बाकीचे तो स्पष्ट करण्यात गुंतले असतील तेवढ्यात बजावून घ्यावा आणि मग टाळ्या वाजवायला वेळेवर हजर राहावं.